चार उपाय आणि राखणदाराचा कोंबडा

ती. मावशीस, वालावलहून रसिकाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? काकांची साखर उतरली का? ‘मी बरी आहे’ असे लिहायची पद्धत आहे, पण हिमोग्लोबिन सात असताना ते अचूक ठरणार नाही.

पाळीत माझे रक्त फार जाते, हे आईने तुला सांगितलेच असेल (तिने पोस्टमनलाही सांगितले आहे). सोनोग्राफीत गाठ वगैरे काही नाही. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी चार उपाय सांगितले: पाळीपुरत्या रक्त थोपवणाऱ्या गोळ्या; नाहीतर रोजच्या संप्रेरकांच्या; गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची तांबी, जी आधी काही महिने डाग पाडते पण मग वर्षानुवर्षे काम करते; आणि अगदीच शेवटी पिशवी काढणे, ज्यातून माघार नाही. मी यंत्रे तपासणारी बाई, तुलना करायला बसले. वाडीतल्या बायकांचे मत पिशवीला (त्या असे सांगतात, जणू जुना पंखा काढायचा आहे).

तेवढ्यात दाजी, म्हणजे बाबांचे काका, ओसरीवरून म्हणाले, “गो, तुझ्या बापाशीन जागेच्या राखणदाराक कोंबो देवचो बंद केल्यान नि नारळ सुरू केल्यान. नारळात रगात असता? तो आपला तुझ्याकडसून घेता.”

“आणि पिशवीच काढली तर?”

“मगे तो तुझ्या आवशीकडे बघतलो.”

आई दिवा आत घेऊन गेली.

मी कोंबड्यालाही तुलनेत घेतले. परिणाम: अज्ञात. त्रास: फक्त कोंबड्याला. बाबा भर दुपारी काजीच्या झाडांच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या पाषाणापाशी तांबडा कोंबडा घेऊन गेले (कापायला धजावले नाहीत, सोडून आले). सकाळी कोंबडा नव्हता, पीसही नव्हते. आरवणे मात्र रोज तिथूनच येते. (आवाजाची दिशा ठरवताना चूक होते, म्हणून मी दोन खिडक्यांतून ऐकले. चूक नव्हती.) शेजाऱ्यांच्या कुत्र्याने त्या कोपऱ्याकडे पाठ केलेली मी तेव्हापासून पाहिलेली नाही.

या पाळीत रक्त निम्म्यावर आले. दाजी मिशीत हसले. मी पाळीभर रक्त थोपवणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या आणि गोळ्यांनी साधारण एवढाच फरक पडतो, हे मी त्यांना शांतपणे समजावले. विषय संपला.

काकांना नमस्कार.

तुझी,
रसिका

ता. क. तांबी बसवायचे ठरले आहे, येत्या गुरुवारी. आई आली तर माझ्याआधी तीच रडेल. मला एकटीला जायची भीती वाटते. हे वाक्य वाचून विसरून जा, पण तू ये.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंना दाखवायला आत्ता गोळ्या बाहेर काढल्या. पाळीभर मी खाल्ल्या त्या हिमोग्लोबिनसाठी दिलेल्या लोहाच्या होत्या. रक्त थोपवणाऱ्यांचे पाकीट फोडलेलेच नाही. (एका महिन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो.) येताना काजींमधून येऊ नकोस, डांबरी रस्त्याने ये. तिकडे चिखल आहे. मे महिन्यातही असतो कधीकधी.