लाल दोऱ्याचं वांगं

१ जुलै
खान्देशातील तमाम बापांनो! 'बघू, बाबा' एवढ्यावर आपली बोळवण करणाऱ्या पोरांना आता उत्तर द्यायलाच हवं. तूर्तास वहीत देतो. चंपाषष्ठीला आमच्या धुळ्याच्या परसात भरीत होतं, घरच्यांनी मिळून वाढवलेल्या वांग्यांचं. बायको हेमलता फेब्रुवारीत गेली. परंपरा जाणार नाही. तिच्या डबीतलं बी सगळंच पेरलं. राखून ठेवणं हे भित्र्यांचं काम.

१९ ऑगस्ट, राखी
लेक दिपमाला नाशिकहून आली. दोघांनी वाफ्यात रोपं लावली. एक रोप तिने प्लास्टिकच्या ग्लासात घालून नेलं. बाल्कनीत लावते म्हणाली. मी म्हटलं, पोरी, परंपरा कुंडीत मावत नाही. वाक्य जमलंय, शिरपूरच्या भाषणात घ्यावं.
मुलाला, अभिमनला, पुण्याला फोन केला. चंपाषष्ठीला येणार का? बघू, बाबा. म्हणजे येणार.

१२ ऑक्टोबर, दसरा
थोरल्या बहिणीने, झुंबरअक्काने, पहिल्या वांग्याला लाल दोरा बांधला. हेमलताही दरवर्षी बांधायची. मी दृष्ट, दोरे आणि अंधश्रद्धा यांवर जोरदार बोललो. अक्का गाठ मारता मारता म्हणाली, भो, बठ्ठं भाषनच शे तुनं, पानी कोन टाकी?
उद्यापासून रोज पहाटे मी स्वतः.

१४ ऑक्टोबर
जाग आली नाही. झाडांनाही स्वावलंबन हवंच.

२३ नोव्हेंबर
शिरपूर, नरडाणा, परत शिरपूर. विषय 'मातीशी नातं'. टाळ्या थांबेनात. घरी येऊन पाहतो तर झाडांनी माना टाकलेल्या, वांग्यांत अळी. किरकोळ.
दिपमालाने फोटो पाठवला. कुंडीत एकच वांगं, लिंबाएवढं. 'शोभेचं आहे' असं मी कळवलं.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी
भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या आणून ठेवल्या. अभिमनला ऑफिस. दिपमालाच्या मुलीची परीक्षा. अक्का तेवढी आली, चुलीपाशी भाकरी थापत बसली.
परसात धड वांगं एकच, दोऱ्याचं. पिवळं धमक झालेलं. अंधश्रद्धेवर पहिली कात्री घरातच चालते, असं मोठ्याने म्हणून दोरा कापला. भाजलं. आत नुसत्या बिया. कडू.
अक्काने ताट सरकवलं. जमिनीवरचा दोरा उचलून बघत राहिली. म्हणाली, भो, बियानं भाजं रे तू. हेमानी मायनं देयेल बियानं व्हतं ते.
डबी रिकामी आहे.
हेमलता इतकी वर्षं दोरा बांधत आली आणि मी दरवर्षी बोलत आलो. बियाण्यासाठीची ती खूण, हे तिने कधी सांगितलं नाही. ऐकायला मी थांबलो कधी?

८ डिसेंबर
दिपमालाचा फोन लागत नाही. मेसेज लिहायला घेतला. दोनदा भाषण झालं, दोनदा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: पोरी, कुंडीतलं ते वांगं तोडू नकोस. त्याला दोरा बांध.