नावाडीण चुकली होती का, वहिनी?

प्रिय वहिनी,

आज गेमच्या ग्रुपवर पुन्हा त्या नावाडिणीचा विषय निघाला. कुणीतरी नव्याने आपण दोघी खेळायचो तो गेम संपवला आणि विचारलं, आपलं दुखणं लपवणारी ती बाई बरोबर की चूक? लगेच जुन्या मंडळींनी माझं नाव घेतलं. ज्योत्स्नाचं मत पक्कं आहे, तिलाच विचारा, म्हणाले. दुपारपासून फोन हातात आहे आणि एक ओळ लिहवत नाहीये. म्हणून आधी तुला लिहिते.

आठवतो ना तो राखेने झाकलेला मुलूख, ती काळी नदी? तुला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य थांबवून अहिराणीत सांगायची. नेमका शब्द सापडला नाही की मला चैन पडायचं नाही, पुन्हा मागे जायची. "मास्तरीणबाई, तवलोंग नाव बुडी जाई," म्हणायचीस; शब्द सापडेतोवर नदीतली नाव बुडायची, म्हणे. आपल्या घरात शाळा शिकलेली मी पहिली. ते शिक्षण मी सगळ्यात जास्त तुझ्यापुढेच मिरवलं.

आणि तुझे प्रश्न! ग्रुपवर लोक भांडायचे की ती राख कुठून आली, त्या जगात देव का नाहीत. तुला प्रश्न पडायचा की ही बाई सगळ्यांना रोज पल्याड नेते, तिच्या घरी कोण आहे? ते गेममध्ये दाखवलेलं नाही, असं मी सांगायची. "मंग त्यास्नी तिले इचारंच नही," तू म्हणायचीस.

मग तो प्रसंग आला. तिच्या बाहीखालची शापाची काळी खूण आपल्याला दिसली. तो शाप दुसऱ्याला लागणारा नव्हता, तिलाच आतून खात होता. गेमने विचारलं, नावेतल्या सोबत्यांना सांगायचं की गप्प राहायचं? तू म्हणालीस, गप्प राहा. मी सांगून टाकलं. सगळे तिच्याकडे कीव करून बघायला लागले, तिच्या हातातलं वल्हं काढून घेतलं, आणि पुढच्या मुक्कामाहून ती कुणाला न सांगता निघून गेली. त्या संध्याकाळी तू माझ्याशी धड बोलली नाहीस. गेममधल्या बाईसाठी एवढं काय, असं मला वाटलं.

त्यावर मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. जवळच्यांपासून दुखणं लपवणं हा स्वार्थच आहे, असं. पुष्कळांना पटलं. तुलाही वाचून दाखवलं. तू लसूण सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस,

"सांगीसन काय व्हई, ताई? सगळासनी जेवननी चव जाई."

मी माझ्या शाळेच्या मराठीत उत्तर दिलं, "माझ्यापासून कुणी असं लपवलं, तर मी त्याला कधीच माफ करणार नाही."

तू सालं गोळा केलीस आणि आत गेलीस.

वहिनी, तेव्हा तुला तुझं दुखणं कळलं होतं का? शेवटी तुला सुरतेला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, एवढं जुनं दुखणं, हिने सोसलं कसं? तेव्हापासून मी मनात मागे मागे जात असते. आपण तो गेम खेळत होतो त्या हंगामात तू गच्चीवर जाणं सोडलं होतंस. "जाय, मिरच्या पलटी ये, तुन्हा पायबी मोकळा व्हतीन," म्हणून मला पाठवायचीस. खेळ थांबवावा लागला म्हणून मी पाय आपटत जिना चढायची. नावाडीण हल्ली वल्हं डाव्या हाताने धरते, हे ग्रुपवर सगळ्यांत आधी मी ओळखलं होतं. केवढं कौतुक झालं होतं! आणि तू जिना का चढत नाहीस, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

तुझा रागही येतो, खोटं कशाला लिहू? गोष्टीआडून बोललीस, तशी एकदा सरळ बोलली असतीस तर? पण मी निकाल आधीच देऊन बसले होते. त्यानंतर तू कोणत्या तोंडाने सांगणार होतीस? की मी काहीही म्हटलं असतं, तरी सांगितलं नसतंस? दादा म्हणतो, तिचा स्वभावच तसा. आई नशिबाला बोल लावते. मला दोन्ही पटत नाही, आणि खरं काय ते तू गेल्यावर आता विचारू कुणाला?

ग्रुपवर मी लिहीन की ती चूक की बरोबर, मला माहीत नाही. तिला सांगावंसं वाटेल असं आपण कुणी वागलो नाही, तेवढं माहीत आहे. आणि ते माफीचं वाक्य मी परत घेते, वहिनी. फार उशिरा घेते.

दादा अलीकडे कामावरून आला की दाराबाहेर ओट्यावरच बसून राहतो. काही विचारलं की "मी बरा शे" म्हणतो, आणि मी तेवढ्यावर उठून आत येते. आता नाही येणार, हे तुला वचन. त्याच्याजवळ बसेन, पुन्हा विचारेन. तो बोलला तर मधे तोंड घालणार नाही, आणि नाहीच बोलला तरी उठणार नाही.

तुझी नणंद,
ज्योत्स्ना