सगळं ह्यांच्यामुळे

२ फेब्रुवारी
हिचे शब्द हरवतायत. ही म्हणजे माझी बायको, व्यवसायाने दुभाषी. काचेच्या खोक्यात बसून, कानाला हेडफोन लावून, पाहुण्यांची भाषणं जागच्या जागी दुसऱ्या भाषेत करते. आज ऐन भाषणात ‘पूल’ हा शब्दच आठवेना. म्हणाली, नदी ओलांडायचं ते हे. शेवटी शेजारी बसलेल्या जोडीदारणीने माइक ओढून घेतला. घरी येऊन रडली. एप्रिलची मोठी परिषद झेपणार नाही, कामच सोडते म्हणाली. या बाईला गप्प बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही.

३ फेब्रुवारी, सकाळ
कारण सापडलं! मासिकात लेख आहे. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बायकांच्या मेंदूची राखण करतं, पेशींना जपतं. पाळी जायच्या वयात ते घटतं. मग झोप उडते, अंगातून वाफा निघतात, शब्द निसटतात. अर्धा लेख वाचला. उरलेला पुरुषांविषयी होता, म्हणून सोडला. आपला त्यात काय संबंध!
संकल्प: आजपासून या घराची स्मरणशक्ती मी.

६ फेब्रुवारी
हिचा शब्द अडला की मी चटकन पुरवतो. सकाळी दारातून म्हणाली, अहो, ते हे द्या, उघडमीट होणारं. ताबडतोब कात्री दिली. हवी होती छत्री. बाहेर अवकाळी पाऊस, हातात कात्री. पण यमक जुळलं, म्हणजे दिशा बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी
आमच्या लिफ्ट कंपनीचा अकाउंटंट म्हणाला, सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं काहीतरी असतं. पोतंभर आणलं. हिने एक घास खाऊन ताट सरकवलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून मीच खातोय.

१३ फेब्रुवारी
पोट ठीक नाही. रजा.

१९ फेब्रुवारी
हिला डॉक्टरांकडे नेलं. (खरं म्हणजे तिनेच नेलं, दवाखान्याचा मजला मी विसरलो. लिफ्टचा माणूस मजले लक्षात ठेवत नसतो, बटणं ठेवतो.) डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं, तपासलं. म्हणाल्या, इस्ट्रोजेनच्या पट्ट्या देते, अंगाला चिकटवायच्या, सोबत एक गोळी. सगळ्यांना चालत नाहीत, तुम्हाला चालतील. पट्ट्या वाफांसाठी आणि झोपेसाठी. मेंदूची जन्मभराची हमी मी देणार नाही, पण झोप लागली की शब्दही परततील बहुतेक.
मी म्हटलं, शिवाय माझी देखरेख आहेच. पुरुषाच्या मेंदूचं बरं, त्याला हे असलं काही लागत नाही. बाई म्हणाल्या, लागतं की! तुमचं शरीर टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतं, मेंदूतसुद्धा. तुमचीही राखण तेच करतं.
बाई हुशार आहेत, पण थट्टेखोर दिसतात. आणि पट्ट्या म्हणजे वरवरचा उपाय, शब्दशः. मुळावर घाव घालणारा मीच.

२ मार्च
हिच्या एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. ही आंघोळीला गेली होती. परिषदेचं हो की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरी व्यक्ती बघू, म्हणाल्या. म्हटलं, निश्चिंत असा. निरोप लिहून घेतला नाही. लिहितात ते दुबळे.

शुक्रवार, ६ मार्च
एक निरोप होता, असं वाटतंय.

६ मार्च, दुपार
मॅडमनी गुरुवारीच हिच्या मोबाइलवर फोन केला होता म्हणे. हिने ‘हो’ सांगून टाकलं. मला म्हणाली, निरोप कुठे होता? म्हटलं, मेंदूत सुरक्षित होता. म्हणाली, हो, इतका सुरक्षित की तुम्हालाही सापडला नाही. वा! काय चपखल वाक्य! उपचार लागू पडतोय.

२८ मार्च
सोन्याचा दिवस. ही स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. चोरून ऐकणं वाईट, पण दार उघडं होतं. म्हणाली, खरं सांगू, सगळं ह्यांच्यामुळे. ह्यांच्यामुळे झोप लागते, शब्द सापडतात. ह्यांच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं.
पुढचं ऐकलं नाही. डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात असं तोंडभरून कौतुक प्रथमच. तिकडे जाऊन तिला लाजवलं नाही. मनाचा मोठेपणा.

३० मार्च
ऑफिसात सर्वांना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत माझं व्याख्यान ठरलं: ‘बायकोचा मेंदू: नवऱ्याची जबाबदारी’. अकाउंटंट म्हणाला, आधी सोयाबीनचं सांगा. त्याला बोलावणार नाही.

१२ एप्रिल
परिषद संपली. शेवटच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर हेडफोन लावून बसलो होतो. हिचा आवाज खळखळत होता, एक शब्द अडला नाही. एका पाहुण्याने भाषणात पुलांची माळच लावली. हिने एकेक पूल नीट बांधला. मला भर सभेत हुंदका आला. तिच्यासाठी इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.
उद्या मेहुणी आणि साडू जेवायला. श्रेयाचा विषय मीच काढीन, हळूच.

१३ एप्रिल
जेवताना म्हटलं, अगं, फोनवर म्हणालीस ते सर्वांसमोर सांग ना. सगळं कुणामुळे? ही हसून म्हणाली, ह्यांच्यामुळेच! मी उठून उभा राहिलो, हात छातीवर ठेवला. ही पुढे म्हणाली, आठवड्यातून दोनदा बदलते. जुन्या सोलून काढते, नव्या चिकटवते, बस.
साडूंच्या नाकातून पाणी आलं. मेहुणी म्हणाली, भावोजी, बसा, तुम्ही काही इतके सहज बदलत नाही. मीही हसलो. मग मी ताटं ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही पाणी आणायच्या निमित्ताने आत आली, म्हणाली, पट्ट्यांनी शब्द दिले, पण ती कात्री आठवून हसू यायचं, म्हणून मी काचेच्या खोक्यात घाबरायची थांबले. आता ती खरं बोलली की माझी समजूत घातली, ते मी तपासणार नाही.

१४ एप्रिल
व्याख्यानाचं नाव बदललं. सगळं श्रेय प्रामाणिकपणे त्या हार्मोनला देणार आहे, काय ते... इ वरून आहे. जिभेवर आहे. हिला विचारून येतो.

१४ एप्रिल, थोड्या वेळाने
हिने लगेच सांगितलं. खोलीत येईपर्यंत विसरलो.