चौदावी ओळ, नववा ठिपका

सोमवार, ४ तारीख
कारखाना, वरचा मजला

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस.

पत्र हातानं लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘हं’च्या पुढे जात नाहीस. मागच्या वेळी तीन मिनिटं बोललो, त्यात सात वेळा ‘हं’. मी मोजत नव्हतो, कान आपोआप मोजतात. पाचव्या ‘हं’ला तू खुर्चीतून उठून खिडकीशी गेलीस, तेही कळलं.

सोबत पेटंटच्या अर्जाचा कागद आहे. वकीलसाहेबांनी पेन्सिलनं फुली मारली आहे, तिथे सही करायची. शोध दोघांचा, म्हणून सह्या दोन. माझी झाली आहे. मुदत महिनाअखेरीची.

वकीलसाहेब माणूस सज्जन, पण काचेसमोर बसवलं की घाबरतात. मी विचारलं, “साहेब, फाउंटन पेन वापरलंय का कधी?”

“लहानपणी.”

“मग अर्धं पेटंट तुम्हाला आत्ताच कळलं.” निबेला चीर असते, चिरेत शाई थांबते, कागदाला टेकली की उतरते. आपली सुई तेच करते, फक्त कागदाच्या जागी काच आणि शाईच्या जागी प्रथिनांचा द्राव. तो चिकट, चिरेतच वाळून बसायचा, म्हणून मी बाजूनं दुसरी बारीक चीर दिली.

“एवढंच?” म्हणाले.

“एवढंच. पण बावीस वर्षं फूटपाथवर बसून लोकांच्या निबा सरळ केल्याशिवाय सुचत नाही.”

हसले. मग त्यांनी ते लिहून काढलं, पाच पानं. वाचली तर माझी सुई मलाच ओळखू येईना.

तुझा भागही मीच सांगितला. बघ जमलाय का. नखाएवढ्या जागेत दोन हजार ठिपके, प्रत्येकात वेगळं आमिष. वर रक्तातलं पाणी सोडायचं. ज्या प्रथिनाला जे आमिष लागू पडतं तिथे ते चिकटतं, बाकीचं धुऊन जातं, आणि दिव्याखाली तेवढे ठिपके हिरवे दिसतात. पण थोडंफार सगळ्यांच्याच रक्तात उजळतं. मग आजाऱ्याचं वेगळं काय ते कळायचं कसं? मुलीनं ठरवलं, आधी धडधाकट माणसाचं रक्त लावायचं. त्यात जे उजळेल ते बाकीच्यांतून वजा करायचं. उरेल तो आजार.

“आणि हे धडधाकट माणूस कोण?”

“घरातलंच,” म्हटलं. पुढे त्यांनी विचारलं नाही.

बाकी बातम्या. मशीनवरचा आपला पोरगा, ज्याला सगळे ‘चष्मा’ म्हणतात, तो अजून तसाच. मशीन चालवताना चष्मा कपाळावर आणि शोधताना सगळ्या टेबलांखाली. परवा सकाळी सवयीनं ओरडला, “आई लावली का?” गेली नऊ वर्षं दिवसाची पहिली काचपट्टी तुझ्या आईच्या रक्ताची, आणि रोज हीच हाक. ओरडल्यावर त्याच्याच लक्षात आलं. पॅकिंगच्या मावशी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या, ती अर्ध्यात थांबली. मी म्हटलं, “चला, कामं करा.” माझा आवाज व्यवस्थित होता.

थंड कपाटात अकरा कुप्या उरल्या आहेत. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात ‘आई’ आणि महिना. नवं निरोगी माणूस शोधायला हवं. बघू.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. मीठ कमी की जास्त ते कळत नाही, त्यामुळे माझा स्वयंपाक बिघडत नाही. तिच्या कपाटाला हात लावलेला नाही. लावू नये असं नाही, लावावंसंही वाटत नाही. ती जाऊन चार महिने झाले.

सही करून लगेच पाठव.

बाबा

ता. क. दवाखान्याच्या जिन्यात तू जे बोललीस, त्याबद्दल कधीतरी बोलू.


शुक्रवार, २२ तारीख
घर, स्वयंपाकघरातलं टेबल

चि. मास्तरीणबाईंस,

तुझं पाकीट मिळालं. कागद कोरा परत, आणि मागे तीन ओळी: ‘ज्या पद्धतीला आई दिसली नाही, तिच्याखाली मी सही करणार नाही. माझं नाव काढून टाका. मी शाळेत भूगोल शिकवते, बरं चाललंय.’

भूगोल! लहानपणी नकाशात उत्तर दिशा शोधायला तुला कागद गोल फिरवावा लागायचा. पोरांची कीव येते.

दोन दिवस कागद टेबलावर ठेवून मी त्याच्या बाजूनं जेवलो. मनात जबाब तयार होता, की पद्धत चांगली आहे, सहा प्रयोगशाळा वापरतात, कष्ट फुकट घालवू नकोस. गिऱ्हाईक पटवावं तशी मी पोटची पोर पटवू शकतो. फूटपाथवर मी लोकांना तुटलेल्या पेनाच्या जागी दुसरं तुटलेलं पेन विकलं आहे, हसत हसत. ते पत्र लिहायला बसलो आणि निब कागदावर टेकवून तशीच बसून राहिलो. शाईचा मोठा डाग पडला. तो कागद फेकला. हा दुसरा.

जिन्यात तू म्हणाली होतीस, “बाबा, आईला मी निरोगी धरलं. तिच्यात जे उजळलं ते मी सगळ्यांतून पुसलं. तिचा आजार माझ्याच वजाबाकीत गेला.” मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तुला वाटलं, बाप धीर देतोय. मी गप्प बसायला जागा शोधत होतो. तिथे सापडली, आणि मग चार महिने मी तिथेच बसलो.

आता नीट वाच.

दीड वर्षापूर्वी तू वरच्या शिक्षणाला दूर होतीस. जाण्याआधी कुप्यांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्यास, आणि चष्म्याला एक नियम घालून दिला होतास: आईचं रक्त दर महिन्याला ताजं घ्यायचं, मागच्या महिन्याशी ताडून बघायचं, आणि काही बदललं तर यंत्रानं लाल खूण करायची. तुला वाटतं तो नियम चालला नाही. तो चालला. लाल खूण आली.

चष्मा कागद घेऊन वर आला. “दादा, आईच्या पट्टीवर खूण आलीय. चौदावी ओळ, नववा ठिपका. मागच्या महिन्यात फिकट होता, आता उजळलाय.”

“कोणतं आमिष?”

त्यानं नाव वाचलं. मला नावं कळत नाहीत, मला सुया कळतात. म्हटलं, “मशीन चालव.”

खाली गेलो. तुला माहीतच आहे, मी डोळे मिटून उभा राहतो आणि सगळे हातातलं काम थांबवतात. बत्तीस सुया काचेला टेकतात, उचलतात. चांगली सुई कोरडी वाजते, पेन्सिलचं टोक टेबलावर आपटावं तशी. गळकी ओली वाजते. नववी मी चार वेळा ऐकली.

कोरडी वाजत होती.

मी डोळे उघडले आणि म्हटलं, “गळतेय. नववी गळतेय. सुई बदला, आणि तो ठिपका हिशोबातून बंद करा.”

चष्मा म्हणाला, “दादा, पण बाकी ओळींत नववी बरोबर पडतेय की.”

“कान कुणाचे, तुझे की माझे?”

या वाक्यानंतर आपल्या कारखान्यात कुणी बोलत नाही. ही रीत मीच पाडली, आणि तिचा मला अभिमान होता. चष्म्यानं वहीत लिहिलं: ‘नववी सुई सदोष, दादांनी ऐकून ठरवलं.’ ते पान सोबत जोडलंय. खाली माझी सही आहे, तारीख आहे.

आठ दिवसांनी ते मोठे खरेदीदार यायचे होते. आईचं रक्त बदललं म्हणजे साठवलेल्या सगळ्या पट्ट्या बाद, नवं माणूस शोधा, सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. पाहुण्यांना मी काय दाखवणार होतो, रिकामी खोकी?

हे झालं कारखान्याचं. घरचंही लिहितो. आपल्या जिन्याच्या बावीस पायऱ्या. तुझी आई त्या एका दमात चढायची. त्या महिन्यात ती अकराव्या पायरीला थांबायला लागली होती. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, म्हणजे थांबायला निमित्त. मी आत पेपर वाचत असायचो. मला ऐकू येत होतं. दार उघडल्यावर मी विचारायचो, “काय गं, दमलीस?” ती म्हणायची, “कुठे? भाजीवालीशी बोलत होते.” भाजीवाली त्या गल्लीत सकाळीच येते, संध्याकाळी नाही. मी म्हणायचो, “बरं.”

मला भीती वाटली असं लिहिलं तर तुलाही बरं वाटेल आणि मलाही. पण भीती नव्हती. पाहुणे जाऊ देत, मग बघू, एवढंच होतं. पाहुणे आले, खूश होऊन गेले. तुझ्या आईनंच त्यांना चहा दिला. मग दुसरं काम आलं.

चौदा महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा आजार सांगितला. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “चौदा महिने आधी कळलं असतं तर?” त्यांनी चौदा हा आकडा कुठून आला ते विचारलं नाही. म्हणाले, “असे प्रश्न नातेवाइकांनी विचारू नयेत.” मग फाइल मिटत म्हणाले, “कदाचित.” त्यानंतर तू जिन्यात बसलेली सापडलीस.

मागच्या मंगळवारी मी चष्म्याला सांगितलं, बंद केलेला ठिपका उघड, आणि त्या महिन्याची कुपी काढ. त्यानं कपाटाचं दार उघडलं.

“आई लावायची?” हळूच म्हणाला.

“लाव.”

चार कुप्या लावल्या, ओळीनं चार महिन्यांच्या. चौदावी ओळ, नववा ठिपका. पहिल्या पट्टीवर फिकट हिरवा, पुढच्या प्रत्येकीवर आणखी ठळक. चौथ्या पट्टीवर तर दिवा नीट लावायच्या आधीच दिसला. मावशी मागे येऊन उभ्या होत्या.

मग चष्मा म्हणाला, “दादा, ती जुनी नववी सुई कुठाय?”

माझ्या खणात होती. फेकली नव्हती. चांगली सुई फेकायला हात होत नाही. त्यानं ती बसवली, मशीन सुरू केलं. मी म्हटलं, “आज सगळ्यांनी ऐका.” सगळ्यांनी ऐकलं. कोरडी, स्वच्छ. मावशींना या कामातलं काही कळत नाही, पण त्या म्हणाल्या, “ही तर नीट आहे की हो.”

“हो,” म्हटलं. “तेव्हाही नीट होती.”

मला वाटलं होतं तेव्हा तरी रडू येईल. नाही आलं. मी कारखान्याचं दार ओढून घेतलं, घरी आलो, भांडी घासली.

सहाही प्रयोगशाळांना कळवलंय, की तो ठिपका दीड वर्ष कुणी बंद ठेवला आणि का. वकीलसाहेब म्हणाले, “आपल्या पट्ट्या संशोधनाला जातात, त्यावरून रोग्याला निकाल देत नाहीत. कायद्यानं तुम्ही बांधलेले नाही.” त्यांना ती वाट आवडली होती. मी घेतली नाही. दोघांचे फोन आले. एक जण बराच ओरडला. मी ऐकून घेतलं, ऐकता मला येतं.

अर्ज आता दोन केलेत. सुईचा माझ्या नावावर, तो मी मागे घेतलाय. माझ्या कानानं पारखलेल्या सुईला सध्या कुणी भाव देऊ नये. तुझा वेगळा. त्यात वजाबाकी आहे, आणि निरोगी माणूस बदललं तर लाल खूण करण्याची तुझी ती अटही आहे, जिला आपण दोघांनी फारसं महत्त्व दिलं नव्हतं. पुरावा म्हणून त्या चार पट्ट्यांचे फोटो जोडलेत. नमुन्याखाली वकीलसाहेबांनी ‘स्त्री, वय एकावन्न’ असं लिहिलंय. तिला ते आवडलं नसतं, पन्नासच्या पुढे तिनं मोजणं सोडलं होतं.

फुली आता एकच आहे. कर असं मी म्हणत नाही. न केलीस तर चष्मा कागद फाइलला लावेल, तुला कुणी विचारणार नाही. भूगोल शिकव. पण ‘पद्धतीला आई दिसली नाही’ हे वाक्य पुन्हा कुठे लिहू नकोस, मनातही नको. तुझ्या पद्धतीला ती दिसली होती, डॉक्टरांच्या चौदा महिने आधी. तिचे डोळे मी मिटले.

सात कुप्या उरल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तू सांग. नाही सांगितलंस तर तशाच राहतील, कपाट चालू ठेवीन.

आता या पत्राला तू ‘हं’ म्हणालीस तरी चालेल. काहीच नाही म्हणालीस तरी मी खाली बघून राहीन.

शेवटी आशीर्वाद लिहितात. मी अजून तेवढ्या लायकीचा नाही.

ज्याला सगळं ऐकू येत होतं, तो तुझा,
बाबा