बिस्किट मिस्त्री

आप्पा, तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मला आजही येत नाही. म्हणून मी बोलतेय आणि माझी नात लिहितेय. मधेमधे हसतेय, तिच्याकडे लक्ष देऊ नका. सांगायचंय ते एवढंच, की आपल्या मल्हारगंज मोहल्ल्यात तुमचं 'बिस्किट मिस्त्री' हे नाव पाडलं कोणी. तुम्ही जाईपर्यंत ते तुम्हाला चिकटून राहिलं, आणि तुम्ही भलत्याच माणसाला धरलंत.

संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, बांधकाम खात्यातली माणसं कमी केली, त्यात तुम्ही घरी आलात. तरी गल्ली तुम्हाला 'सरकारी मिस्त्री'च म्हणायची, आणि त्या नावाची इस्त्री तुम्ही कधी मोडू दिली नाहीत. त्या थंडीत मिशनच्या दवाखान्यातल्या मेमसाबचं बोलावणं आलं. बड्या दिनाला, म्हणजे नाताळाला, तिला सुंठ-गुळाच्या बिस्किटांचं घर करून व्हरांड्यात मांडायचं होतं, आणि भिंती काही उभ्या राहीनात. तुम्ही नाक मुरडलंत. आई म्हणाली, "जा की! दगडाची काय, बिस्किटाची काय, भिंत ती भिंत." निघालात, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा घेऊन. मागे मी, आणि घर ठेवायची फळी घेऊन तुमचे दोस्त सुतारकाका.

मेमसाबच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला आत्ता दिसताय. ती अंड्याच्या पांढऱ्यात साखर घोटून सांधे भरतेय, भिंत कलतेय. तुम्ही तिची वाटी बाजूला सारता. "बाई, जिंदगीभर चुन्यात गूळ घातला. आज चुना तेवढा घालायचा नाही." गुळाचा पाक कढवता, बोटांवर तार बघता, ओळंबा धरता आणि मला म्हणता, "धर भिंत. हललीस तर बघ." माझी बोटं भाजतायत, मी हलत नाही. छप्पर उतरतं हवं, बर्फ घसरतो म्हणून, असं मेमसाब सांगते. तुम्ही त्यावर बिस्किटांचे कवेलू, म्हणजे कौलं, चढवता, आपल्या घरांवर असतात तसेच. "बर्फ कुठला इथे? इथे माकडं घसरतात!"

तीन दिवस लोक बघायला आले. तुम्ही रोज जाऊन भिंतींना हात लावून यायचात. मग बड्या दिनाच्या दुपारी मेमसाबने ते घर पोरांना मोडून खायला दिलं. रीतच तशी, पण तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! तुम्ही फाटकापाशी पाठ करून उभे राहिलात. आणि पोरांच्या गलक्यात, अर्धा कवेलू तोंडात कोंबून मी ओरडले, "बिस्किट मिस्त्री!"

पोरांनी ते उचललं, संध्याकाळी गल्लीभर झालं. तुमचा संशय सुतारकाकांवर, ते तिथेच होते. तुम्ही त्यांच्या दारात जाऊन जाब विचारलात, मी मागे उभी. त्यांनी मला ओरडताना ऐकलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हां भिया, निकल गया मुँह से. माफ कर दे." रंगपंचमीपर्यंत तुम्ही त्यांच्या ओट्यावरचा चहा घेतला नाहीत. मला त्यांनी कधी टोकलं नाही. भेटलं की विचारायचे मात्र, "क्यों बेटा, दाँत में कुछ अटका है क्या?"

नात विचारतेय, माफी मागते असं लिहू का. लिही बाई. पण पाठवणार कुठे, आणि तिथे वाचणार कोण? राहू दे तुझ्याच वहीत. आणि हेही लिही: तेव्हा मी चिडवत नव्हते, आप्पा. चिडवायला मी नंतर शिकले. तुमच्या सरकारी इमारतींच्या गोष्टी मी नुसत्या ऐकल्या होत्या. डोळ्यांदेखत उभं राहिलेलं तुमचं काम ते एकच. मी मिरवत होते.