पत्र्यावर ठेवलेला डबा

सर, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी भाजे गावच्या त्या मुलीचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात अजून दुखतं. पवनेचं धरण व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. लोणावळ्याला तुमच्या बंगल्याच्या पडवीत आपली प्रयोगशाळा; ती आणि मी तुमच्या विद्यार्थिनी. बेडकाची नस पोटरीसकट सोडवायची, नस मिठाच्या पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवायचं आणि विजेच्या झटक्याने पोटरी किती अंशांपर्यंत उडते ते लिहायचं. नस मी तिच्यापेक्षा सफाईने काढायचे. तुम्ही मात्र "छान" म्हणून पुढे जायचात आणि तिच्या टेबलाशी तासभर रमायचात. घरच्या भातखाचरातले बेडूक ती डब्यातून आणायची. "सर, ह्यो बगा, लय तरतरीत हाय," असं म्हणाली की तुमचा चेहरा कसा खुलायचा! माझ्या शुद्ध बोलण्याने तो कधी खुलला नाही.

एका दुपारी तुम्ही दोघं चहाला आत गेलात आणि मी तिचा डबा मोरीवरच्या, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर नेऊन ठेवला. सकाळी तिच्या हाती मेलेले बेडूक यावेत, एवढंच मला हवं होतं. संध्याकाळी डबा परत जागेवर ठेवताना पाहिलं, तर मलूल होते, पण जिवंत.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या नसा नेहमीच्याच अंशावर गप्प झाल्या. तिच्या बेडकाची पोटरी त्यापुढेही उडतेच आहे. तुम्ही तीनदा थर्मामीटर बदललात.

"काय केलंस गं तू?"

"काईच न्हाई सर. आमच्या खाचरातलंच हाय."

मला मात्र तिथल्या तिथे कळलं. आदल्या दिवशीची उष्णता सोसून त्या नसा पुढच्या उष्णतेला तयार झाल्या होत्या. तिच्या नंतरच्या बेडकांत ते पुन्हा दिसलं नाही आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्या खाचराची माती, पाणी तपासत राहिलात. दवाखान्यातही शेवटी विचारलंत, "त्या दिवशी नेमकं काय झालं असेल?" माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण ती तुम्हाला पेज भरवत होती आणि तुम्ही तिच्याकडेच बघून विचारत होतात. मी म्हटलं, "काय माहीत, सर."

परवा ती मळवली स्टेशनवर भेटली. शाळेत शिकवते, अजून तेच कोडं घेऊन बसली आहे. हे पत्र तिच्या हातात दिलं तरी पुरे. पण वाचून तिला जो आनंद होईल, तो मला आजही बघवणार नाही.