नागपूर ऑरेंजेसची ज्येष्ठतायादी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
उद्यापासून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. रोज लिहायचं ठरवलं आहे. पुढे विजयाचा इतिहास कोणी मागितला तर कागद हाताशी असावा.

पार्श्वभूमी. मे महिन्यात रिटायर झालो. आस्थापना शाखा, चौतीस वर्षं. जूनमध्ये अर्णवनं टीम दिली. अर्णव म्हणजे मुलगा, अमेरिकेत ओहायोत असतो. त्याच्या ऑफिसातल्या लोकांची बेसबॉलची ऑनलाइन लीग आहे. खेळाडू खोटे, मॅच कॉम्प्युटर खेळतो. आपण फक्त कोण खेळणार अन् कोण बाकावर बसणार ते ठरवायचं. म्हणजे माझंच काम. एक टीम रिकामी होती. म्हणाला, घ्या बाबा, वेळ जाईल. नाव ठेवलं नागपूर ऑरेंजेस. बेसबॉल मी जन्मात पाहिला नव्हता. तरी १४० पैकी ८८ मॅच जिंकून पहिला आलो. माणसाची पारख लागते, दुसरं काय.

मॅच रोज सकाळी साडेसहाला. हिवाळ्यासाठी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं, म्हणून आता साडेसात. अर्णव व्हिडिओ कॉल लावतो, दोघं मिळून स्कोअर पाहतो. आधी रविवारी दहा मिनिटं फोन, तोही आईशी. आता रोज पाऊण तास, माझ्याशी. पोरगा एकटा आहे, त्याला मार्गदर्शन लागतं. मी नाही म्हणत नाही.

अरुंधती, म्हणजे बायको, म्हणाली, नीट खेळा हो, हरलात तर हे रोजचे फोन बंद होतील. हिला खेळातलं काय कळतं? मुलगा बापाला स्कोअरसाठी फोन करतो का?

संध्याकाळी ५.
अर्णवचा मेसेज. प्लेऑफमध्ये लाइनअप (खेळणाऱ्यांची यादी) भरल्यावर हिरवं Submit दाबायला विसरू नका. मी आतापर्यंत करडं Save Draft दाबत आलो. ऑफिसातही ड्राफ्ट मी टाकायचो, पुढचं बटण कामिनी दाबायची. माझी ज्युनियर. असो. दाबलं.

४ नोव्हेंबर.
०-९. हरलो.
कारण: घड्याळ. एक तास उशीर झाला की खेळाडूंची लय जाते.
पिचर, म्हणजे आपला बॉलर, हॅरिस होता. वय एकोणचाळीस, सेवा सोळा वर्षं. ज्येष्ठतायादीत पहिला. अर्णवनं विचारलं, ओकाफोर काहून नाही? ओकाफोर बावीस वर्षांचा, सीझनमध्ये एकवीस मॅच जिंकला. पण रुजू होऊन सहा महिने झाले, अजून परिविक्षाधीन. त्याला पहिली मॅच दिली तर बाकीच्यांनी काय करायचं? तसं सीझनभर मी हॅरिसचंच नाव वर टाकलं होतं. ओकाफोर मधेच कसा खेळत राहिला, कळत नाही. सिस्टिमचा घोळ असेल.
चार मॅच जिंकेल तो पुढे. अजून पुष्कळ आहेत.

५ नोव्हेंबर.
१-७.
आज यादीतला दुसरा पाठवला. वय छत्तीस. अर्णवनं स्कोअर दोनदा वर-खाली करून पाहिला. मग म्हणाला, बाबा, ओकाफोर? म्हटलं, त्याचा नंबर येईल. बरं म्हणाला.
खाली रुपराव भेटला. शेजारी, एसटीत ड्रायव्हर होता. म्हणे, काहून गा गिरिधर, तोंड काहून उतरलं? सगळं सांगितलं. म्हणे, मंग ज्याले चांगलं जमते त्याले टाकू दे ना बाप्पा, म्हाताऱ्याले कायले दामटून राहिला? त्याला सेवाज्येष्ठता काय समजणार. स्टिअरिंगवर एकच माणूस बसतो.

६ नोव्हेंबर.
२-१०. तीन गेल्या. उद्याची गेली की संपलं.
काही वाटलं नाही. चहा प्यालो. अरुंधतीनं विचारलं, बिनसाखरेचा कसा प्यालात? माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
संकल्प: १) पाचला उठणे. २) शिस्त. ३) तिसऱ्या बेसवरच्या माणसाला कारणे दाखवा नोटीस. त्यानं तीन झेल सोडले. नोटीस लिहूनही काढली, दीड पान.
दुपारी रुपराव कळमन्याच्या बाजारात घेऊन गेला, त्याच्या साळ्याची संत्री आली होती. सहा वाजता परत. पाठ भरून आली, पडलो. लाइनअप राहिली.

७ नोव्हेंबर. सकाळी.
११-२!! जिंकलो!
नोटिशीचा परिणाम. ती मी कोणाला पाठवली नव्हती, पण अशा गोष्टी हवेत पसरतात. ऑफिसातही पसरायच्या.
अर्णव खुर्चीतून उठून नाचला. फोन खाली पडला, मला त्याचं छत दिसत होतं अन् तो हसून राहिला होता. दहावीत असताना असा हसायचा. म्हणाला, बाबा, कमाल केली तुम्ही. बरं वाटलं. लिहून ठेवतो, खूप बरं वाटलं.

दुपारी.
पिचर ओकाफोर होता. मी तर त्याला टाकला नव्हता. शोधलं. कोणत्या मॅचची लाइनअप कोणी लावली, याचं एक पान आहे तिथे. पहिली मॅच: Auto. दुसरी: Auto. खाली खाली गेलो. १४० वेळा Auto. मग तीनदा Giridhar. मग आजची, Auto.
म्हणजे ८८ मॅच कॉम्प्युटर जिंकला. माझ्या तीन, त्या तिन्ही गेल्या. माझे १४० ड्राफ्ट तिथे नुसते पडून आहेत. कोणी पुढे पाठवलेच नाहीत.
पुन्हा मोजलं. तेवढेच.
पान बंद केलं. जेवलो. वांग्याची भाजी होती, असं अरुंधती म्हणाली.

४ वाजता.
विचारांती: कॉम्प्युटर माझे ड्राफ्ट वाचूनच शिकला असणार. हाताखालचे लोक असेच शिकतात. कामिनीही अशीच शिकली.
तरी उद्याचं ठरवायचं आहे. काही दाबलं नाही तर तो ओकाफोरला न् बाकीच्यांना बरोबर लावेल. बहुतेक जिंकू. मग परवाही फोन, तेरवाही.
अरुंधतीला सांगितलं. सगळं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, नका दाबू. आज तो किती हसला, मी आतून ऐकून राहिली होती. तुमच्या पाया पडते, नका दाबू.
म्हटलं, विचाराधीन आहे.

५.५०.
दाबलं. हॅरिस.
टीम माझी आहे. चौतीस वर्षांत एकदा तरी माझ्या सहीनं काही जावं. आणि हॅरिसला चार दिवस विश्रांती मिळाली आहे.

८ नोव्हेंबर.
०-६.
संपलं. ४-१.
अर्णव म्हणाला, छान खेळलात बाबा. पुढचा सीझन मार्चमध्ये. मी हॅरिसची बाजू समजावून सांगितली. हो, हो म्हणाला. मग म्हणाला, उद्या लवकर उठायचं आहे. सगळा कॉल अकरा मिनिटांचा.
अरुंधतीनं नाश्ता पुढे ठेवला. पोह्यांत शेंगदाणे जास्त टाकले होते.

९ नोव्हेंबर, रविवार.
अर्णवचा फोन. आईशी. कुकरची शिट्टी होत नाही, रिंग कुठे मिळेल, वगैरे. शेवटी मला दिला. बाबा बरे? बरा. तू? बरा.
संकल्प: मार्चपर्यंत बेसबॉलचे नियम पाठ करणे. उन्हात फिरणे. व्यायाम.

१० नोव्हेंबर. ७.३०.
टॅब लावून बसलो. अरुंधती म्हणाली, कोणाची वाट पाहता? म्हटलं, कोणाची नाही, ऊन घेऊन राहिलो. ती म्हणाली, या खिडकीत ऊन साडेआठला येतं.
बसलो होतो, म्हणून आलं तेव्हा घेतलं.
नियम वाचले नाहीत. फिरायला गेलो नाही. पाठ दुखते.

११ नोव्हेंबर. ७.४०.
मीच फोन लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, म्हणजे तसा बारा वर्षांतही पहिल्यांदाच. तो तिकडे गेल्यापासून मी कधी लावलाच नव्हता, हे बोट टेकवताना लक्षात आलं.
पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, काय झालं? आई बरी आहे ना?  बरी आहे म्हटलं. तुम्ही? मीही. मग काय झालं बाबा?
स्कोअर नव्हता. दुसरं काय विचारायचं ते सुचेना.  मागे कुकरचा आवाज येत होता.
म्हटलं, काही नाही रे, चुकून लागला.